मॅकहेल पार्क, कॅसलबार : मेयोचे घरचे मैदान आणि त्याचे न सुटलेले कोडे

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो काउंटीत राहणाऱ्या किंवा तिथे पाहुणे म्हणून येणाऱ्या कोणाही मराठी माणसाला गेलिक फुटबॉलचा एकच सामना प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर तो कॅसलबारच्या मॅकहेल पार्कवर पाहावा, असे मी निःसंकोचपणे सुचवते. मैदान चांगले आहे, दृश्य उत्तम आहे आणि प्रेक्षक जाणकार आहेत. मेयोचा संघ मात्र याच मैदानावर अलीकडे वारंवार अडखळला आहे. त्यामुळे या जागेबद्दल लिहायचे तर संघाच्या कामगिरीबद्दलही लिहावे लागते, कारण इथल्या पायऱ्यांवर दुसऱ्या कशाबद्दल कोणी फारसे बोलतच नाही.

मैदान 1931 साली खुले झाले आणि त्याला आर्चबिशप जॉन मॅकहेल यांचे नाव देण्यात आले. आता त्या नावाआधी प्रायोजक विमा कंपनीचे नावही लागते. 2010 च्या सुमारास उभारलेला मोठा छत असलेला स्टँड हे त्याचे आजचे मुख्य अंग आहे. या स्टँडच्या कर्जाचा बोजा काउंटी मंडळाने पुढे अनेक वर्षे वाहिला. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून वेस्टपोर्टला जाणारी रेल्वे कॅसलबारला थांबते आणि स्थानकातून मैदानापर्यंत चालत जाता येते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याने मोटार न आणलेलीच बरी. सामन्याच्या दिवशी गावातले रस्ते लवकर भरतात. तिकीट आधीच घ्यावे लागते, ते ऑनलाइन मिळते किंवा सेंट्रा आणि सुपरव्हॅल्यू या किराणा दुकानांतून. लहान मुलांना सवलत असते. खाण्यापिण्याची अपेक्षा मात्र फार ठेवू नये. चहा, चिप्स आणि बर्गर यांपलीकडे फारसे काही नसते, आणि शाकाहारी माणसाचे पोट चिप्सवरच भरते, म्हणून घरून डबा नेणे शहाणपणाचे.

या खेळाची तोंडओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात आणि आंतरकाउंटी सामना 35 मिनिटांच्या दोन सत्रांत होतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि दांडीवरून गेला तर एक गुण. 2025 च्या मोसमापासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवर मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळतात. खेळाडूंना मानधन नसते. शिक्षक, अभियंते, शेतकरी आणि विद्यार्थी दिवसभराचे काम संपवून संध्याकाळी सरावाला येतात. या मैदानावरचे प्रेम समजून घ्यायचे असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेवावीच लागते, कारण खेळणारा मुलगा बहुतेक वेळा प्रेक्षकांपैकी कोणाच्या तरी गावचा, शाळेतला किंवा क्लबातला असतो.

जागा निवडताना स्टँडच्या वरच्या रांगा घ्याव्यात, असे माझे ठाम मत आहे. पावसापासून बचाव हे त्याचे एक कारण आहे, पण खरे कारण खेळातच आहे. डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेल्या नव्या नियमांनी 2025 पासून गोलरक्षकाच्या किकआउटचे महत्त्व एकदम वाढवले. गोलरक्षकाने खेळ पुन्हा सुरू करताना मारलेला चेंडू आता 40 मीटरच्या कमानीबाहेर गेलाच पाहिजे. पूर्वी तो शेजारच्या बचावपटूकडे अलगद सरकवून ताबा राखता येत असे. आता तो मैदानाच्या मध्यावर, हवेत, दोन्ही संघांच्या उंच खेळाडूंमध्ये पडतो. दूरचित्रवाणीवर हा क्षण नीट दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि चेंडू पडण्याआधी कोण कुठे सरकले, हे चित्रात येतच नाही. वरच्या रांगेतून मात्र सगळे दिसते. मेयोचा गोलरक्षक कोल्म रीप चेंडू ठेवून दोन पावले मागे जातो, तेवढ्या वेळात मध्यपटू मॅथ्यू रुएन एका बाजूला धाव घेण्याचे भासवून दुसरीकडे वळतो, प्रतिस्पर्ध्यांचा मध्यपटू त्याला खांद्याने अडवतो, आणि अर्धचंद्राकार पसरलेले पाच-सहा खेळाडू, उसळून सुटणारा चेंडू टिपायला, गुडघे वाकवून थांबलेले असतात. चेंडू हवेत असताना संपूर्ण स्टँड उभा राहतो आणि तो कोणाच्या हाती पडला हे कळेपर्यंत कोणी बसत नाही. केवळ हे पाहण्यासाठी तिकिटाचे पैसे द्यावेत, इतके ते मोलाचे आहे.

पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी वेगळा कोपरा राखलेला नसतो, ही या मैदानाची, खरे तर या सगळ्या खेळाची, मला सर्वांत आवडणारी गोष्ट. शेजारच्या खुर्चीवर गॉलवे या शेजारच्या काउंटीचे आजोबा आणि मागे दुसऱ्या शेजारच्या, रॉसकॉमनचे अख्खे कुटुंब असू शकते. वाद होतात, आवाज चढतात, पण मुले दोन्ही बाजूंची एकत्र खेळतात.

आता त्या कोड्याकडे वळते. 2022 च्या एप्रिलमध्ये कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत गॉलवेने मेयोला इथे एका गुणाने हरवले. 2023 मध्ये मेयोने डब्लिनच्या क्रोक पार्कवर राष्ट्रीय लीगच्या पहिल्या विभागाचे विजेतेपद मिळवले आणि जेमतेम आठवड्याने रॉसकॉमनने त्यांना इथे येऊन गारद केले. 2024 च्या जूनमध्ये डेरीविरुद्धचा बाद फेरीचा सामना जादा वेळेनंतर पेनल्टींवर गेला आणि मेयोचा मोसम याच गवतावर संपला. 2025 मध्ये कॉनॉटचा अंतिम सामना इथेच होता. तो गॉलवेने दोन गुणांनी जिंकला आणि सलग चौथ्यांदा प्रांत आपल्या नावावर केला. त्यानंतर ऑल-आयर्लंड चॅम्पियनशिप या देशपातळीवरच्या मुख्य स्पर्धेत, गटसाखळीच्या पहिल्याच सामन्यात कॅव्हनने मेयोला इथे तीन गुणांनी हरवले, ज्या कॅव्हनला आदल्याच वर्षी मेयोने याच मैदानावर सहज नमवले होते.

शेवटचा पराभव सर्वांत महागात पडला. पुढच्या सामन्यात मेयोने ओमाला जाऊन टायरोनला हरवले आणि डॉनेगलविरुद्ध रॉसकॉमनच्या हाइड पार्कवर शेवटच्या क्षणी एका गुणाने हार पत्करली. गटाअखेर मेयो आणि कॅव्हन यांचे गुण सारखे झाले, आपसातला सामना कॅव्हनने जिंकलेला असल्याने पुढे कॅव्हन गेला आणि मेयो जूनमध्येच घरी बसला. डॉनेगलविरुद्धच्या त्या शेवटच्या फटक्याबद्दल लोक अजून हळहळतात. मला वाटते, हळहळ व्हायला हवी ती कॅव्हनच्या सामन्याची, कारण तो सामना हातचा होता आणि घरचा होता.

याउलट परक्या मैदानांवर हाच संघ निर्भयपणे खेळला आहे. 2023 मध्ये मेयोने किलार्नीला जाऊन गतविजेत्या केरीला पाच गुणांनी हरवले; चॅम्पियनशिपमध्ये केरी किलार्नीत 1995 नंतर प्रथमच हरत होता. त्याच वर्षी सॉल्टहिलला जाऊन मेयोने गॉलवेलाही बाहेर काढले. मग घरी काय होते?

पायऱ्यांवर याची तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले असे, की पाहुणे संघ इथे बचाव भक्कम करून बसतात आणि समोरची भिंत फोडण्याचा मेयोचा धीर सुटतो. 2024 पर्यंत यात तथ्य होते. पण नव्या नियमांनुसार प्रत्येक संघाला तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात ठेवावेच लागतात, त्यामुळे पंधराही जणांनी मागे जाऊन बसण्याची सोय आता उरलेली नाही, आणि तरीही 2025 च्या प्रांतिक आणि ऑल-आयर्लंड चॅम्पियनशिपमध्ये मिळून मेयो इथे दोनदा हरला. दुसरे उत्तर वाऱ्याचे. अटलांटिकवरून येणारा वारा या मैदानावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहू लागला, की दोन गुणांच्या नियमामुळे एका सत्राचे पारडे फारच जड होते. वाऱ्याच्या दिशेने खेळताना ज्या संघाकडे लांबून अचूक मारणारे दोन-तीन खेळाडू असतात, तो दहा मिनिटांत सामना फिरवू शकतो. रायन ओ'डोनहू सोडला, तर मेयोकडे असे भरवशाचे पाय कमी पडले, ही तक्रार 2025 भर मी स्टँडमध्ये ऐकली आणि ती मला रास्त वाटते. वारा दोन्ही संघांसाठी सारखाच असतो. घरच्या संघाला तो अधिक परिचयाचा असायला हवा, आणि त्या परिचयाचा लाभ गुणफलकावर दिसत नाही, हेच दुखणे आहे.

तिसरे उत्तर मनाचे, आणि ते सर्वांत अवघड आहे. मेयोने ऑल-आयर्लंड विजेतेपद 1936, 1950 आणि 1951 असे तीनदाच जिंकले. 1989 पासून 2021 पर्यंत हा संघ वारंवार अंतिम फेरीत पोहोचला आणि प्रत्येक वेळी हरला. 2013, 2016 चा पुनर्सामना आणि 2017 हे तिन्ही डब्लिनविरुद्ध एकेका गुणाने गेले. 1951 च्या संघावरच्या शापाची कथा बाहेरचे पत्रकार आवडीने सांगतात. तिला कोणताही आधार नाही आणि इथल्या जाणत्या माणसांसमोर ती न काढलेलीच बरी. खरी गोष्ट साधी आहे. सत्तर वर्षांहून जास्त काळ साठलेली आस घेऊन हजारो माणसे स्टँडमध्ये बसतात, आणि संघ दोन-तीन गुणांनी मागे पडला की जी शांतता पसरते ती मैदानातल्या बावीस वर्षांच्या मुलालाही ऐकू येत असणार. परगावी तोच मुलगा मोकळेपणाने मारतो. प्रेक्षकांनी यावर विचार करावा, असे मला मनापासून वाटते. पिछाडीवर असतानाच आवाज वाढवण्याची गरज असते. (महिलांच्या संघाने 1999 ते 2003 या काळात चार ऑल-आयर्लंड जिंकून दाखवली, हे या संपूर्ण चर्चेत फार कमी वेळा आठवले जाते, आणि ते अन्यायाचे आहे.)

2026 च्या मोसमाबद्दल मी आशावादी आहे आणि त्याला आधार आहे. 2025 च्या मध्यावर प्रशिक्षक केविन मॅकस्टे यांना प्रकृतीच्या कारणाने बाजूला व्हावे लागले, स्टीफन रॉचफर्ड यांनी तात्पुरती जबाबदारी घेतली आणि ऑगस्टमध्ये काउंटीने संघ अँडी मोरान यांच्या हाती दिला. मोरान हे 2017 चे वर्षातील सर्वोत्तम खेळाडू. त्यांचे गाव बॅलाहाडरीन रॉसकॉमन काउंटीत मोडते, पण तिथला क्लब मेयोत खेळतो, त्यामुळे हिरव्या-लाल जर्सीवरची त्यांची निष्ठा वेगळ्याच मुशीतली आहे. त्यांनी लेट्रिमसारख्या लहान काउंटीला 2024 मध्ये लीगच्या चौथ्या विभागातून बढती मिळवून दिली आणि पुढे मोनाहनच्या संघाबरोबर काम करताना नव्या नियमांखालचा पहिला मोसम जवळून पाहिला. आघाडीपटू म्हणून मोकळी जागा हेरणे हे त्यांचे खास कौशल्य होते, आणि नव्या नियमांनी आघाडीपटूंना नेमकी तीच मोकळी जागा परत दिली आहे.

मोरान यांनी पहिल्यांदा किकआउटकडे लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. मेयोच्या मध्यफळीत उंची आणि ताकद आहे. रुएन आणि जॉर्डन फ्लिन हे दोघेही कोणत्याही संघात शोभतील असे खेळाडू आहेत. अडचण पहिल्या झेपेची नसून हवेतून निसटलेल्या चेंडूची आहे, आणि तो टिपण्यात 2025 च्या विजेत्या केरीचा संघ कितीतरी पुढे होता. लीगच्या अंतिम सामन्यातही केरीने मेयोला सहा गुणांनी मागे टाकले. हे अंतर एका मोसमात पूर्ण भरून निघणार नाही. उपांत्यपूर्व फेरी गाठणे हे वाजवी उद्दिष्ट आहे, त्यापुढचे जे मिळेल ते कमाईचे.

2026 पासून चॅम्पियनशिपची गटसाखळी बंद करण्यात आली. सोळा काउंटींच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यांना आणखी एक संधी मिळते, आणि प्रांतांच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या संघांना पहिला सामना घरी खेळता येतो. म्हणजे मेयोने कॉनॉटमध्ये वाट काढली, तर बक्षीस म्हणून मॅकहेल पार्कच मिळणार. संघासाठी ते खरोखर बक्षीस ठरेल का, हे मैदानावर जाऊन पाहावे लागेल.

प्रथमच जाणाऱ्यांनी शक्य असल्यास लीगमधला गॉलवे किंवा रॉसकॉमनविरुद्धचा घरचा सामना निवडावा. शेजाऱ्यांच्या लढतीत खेळाला धार असते आणि चॅम्पियनशिपपेक्षा तिकीट सहज मिळते. फेब्रुवारीत वारा बोचतो, म्हणून टोपी, हातमोजे आणि जाड मोजे विसरू नयेत. लहान मुले बरोबर असतील, तर सामना संपल्यावर लगेच निघू नये. लीगच्या सामन्यांनंतर मुलांना बहुधा मैदानात उतरू देतात, आणि सामना हरला असला तरी खेळाडू सह्या देत बराच वेळ थांबतात.