कोरड्या डिकीचे चारशे रुपये

गणपती झाले की हजारो माणसं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कोकणातून मुंबईला परततात. त्यांतल्या एकाचं तरी सामान वाचावं म्हणून हे लिहितोय. माझे पैसे म्हणाल तर चारशे रुपयेच गेले. पण त्यांच्यासोबत बाबांची भजनाची वही गेली, आणि ती दुसरी नाही.

२०२४ साली ७ सप्टेंबरला गणपती बसले. आमच्या घरी सात दिवसांचा असतो. १३ला विसर्जन झालं आणि १४ला रात्री कुडाळहून डोंबिवलीला निघालो. रेल्वेचं वेटिंग शेवटपर्यंत हललं नाही, म्हणून ट्रॅव्हल्स. मी, बायको आणि आई. मोठ्या बॅगा दोन. एकीत कपडे आणि आईचा लग्नातला शालू. दुसरीत कुळथाचं पीठ, मसाला, कोकमं, आणि दोन टॉवेलांच्या मध्ये बाबांची वही. बाबा गावच्या भजनात पेटी वाजवायचे. ऐकलेला प्रत्येक अभंग, प्रत्येक गजर त्यांनी शाईच्या पेनाने त्या वहीत उतरवून ठेवला होता. मुंबईत नेऊन ती नीट स्कॅन करून घ्यायची, असं मी तीन वर्षं म्हणत होतो.

गाडी लागली तेव्हा एजंट म्हणाला, बॅगेमागे दोनशे पडतील. तिकिटात सामान धरलेलं असतं ना, असं विचारल्यावर म्हणाला, छोटं सामान. मोठं टपावर जाईल, तिथे भिजलं तर आमची जबाबदारी नाही. डिकीत हवं असेल तर दोनशे. क्लीनरने भर घातली, "दादानू, डिकी सुकी ठणठणीत आसा, काय एक भिजाचा नाय." पावती मागितली. ती मुंबईच्या ऑफिसात मिळेल म्हणाले. पैसे मोबाइलवरून दिले, ते कुणा माणसाच्या नावावर गेले, कंपनीच्या नाही. हे मला तेव्हा दिसलं होतं. मागे रांग होती, आई पावसाळी हवेत उभी होती, मी दिले.

डिकीचं झाकण त्याने अर्धंच उचललं आणि बॅगा आत ढकलल्या. आतून फिनेलचा भपकारा आला. मला वाटलं, धुतलेली दिसते. बॅगांवर मी दादरहून घेतलेली साडेतीनशेची ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ कव्हरं चढवलेली होती, त्यामुळे मनाने अगदी निर्धास्त होतो.

सकाळी साडेसातला शिळफाट्यावर उतरलो. क्लीनरने बॅग ओढून काढली तेव्हा तिच्या खालच्या बाजूने पाणी गळत होतं. तो लगेच म्हणाला, रात्रभर पाऊस होता ना. मी रात्रभर जागा होतो. माणगावच्या आसपास एक सर आली, बाकी काचा कोरड्या. पण तेवढ्यात गाडी निघूनही गेली.

घरी बॅग उघडली. वरचे कपडे कोरडे होते, तळाचे निथळत होते. पाऊस वरून झिरपला असता तर उलटं झालं असतं. मग वास आला. बायकोने शालू उलगडला, तर लाल रंग उतरून पांढऱ्या चादरीवर पसरला होता, आणि जरीच्या काठाला काहीतरी चिकटलं होतं. नखाएवढं, गोल, चंदेरी, उजेडात धरलं की आरपार दिसणारं. आईने ते बोटावर घेतलं आणि एकच शब्द बोलली, "पेडवे."

मालवणातच वाढलेली बाई ती. पेडवे म्हणजे छोटी मासळी, तिचं खवलं तिला कुणी समजावून सांगायला नको.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, आणि गणपतीच्या सुमारास किनाऱ्यावरून मुंबईला मासळी जोरात जात असते. बर्फ घालून थर्माकोलच्या खोक्यांत भरलेली ही मासळी काही खासगी बसच्या डिकीतून पार्सल म्हणून जाते. दहा-बारा तासांत बर्फ वितळतो, खोकी पाझरतात. डिकीचा तळ म्हणजे सपाट पत्रा. घाट चढताना ते पाणी मागे येतं, उतरताना पुढे जातं, आणि मधल्या सगळ्या बॅगा रात्रभर त्यात बसून राहतात. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मुद्दाम स्टँडवर थांबून पाहिलं. गाडी कुडाळला येते तेव्हा खोकी आधीच आत असतात, म्हणून झाकण अर्धंच उघडतं. फिनेल कशासाठी होतं तेही कळलं. आत काय आहे हे ठाऊक असताना त्यांनी मला कोरडी जागा विकली. म्हणून याला मी हलगर्जीपणा म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

कव्हराचंही तसंच. चाकांसाठी त्याला खालून दोन भोकं असतात आणि तळाला ते उघडंच असतं. कापड पाणी अडवत असेल, पण शिवणीतल्या सुईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी आत जातंच. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं कव्हर रिमझिमीत स्टेशन ते घर नेण्यापुरतं असतं. साचलेल्या पाण्यात ठेवलेल्या बॅगेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

वहीच्या बाबतीत मीही चूक केली, तीही सांगतो. घाबरून ती गॅलरीत उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी झाली. नंतर जुन्या ग्रंथांची दुरुस्ती करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, भिजलेली वही उघडायची नाही, पानं सोडवायला जायचं नाही, ऊन दाखवायचं नाही. लगेच वाळवणं जमत नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सरळ फ्रीजरमध्ये ठेवायची. बुरशी थांबते, शाई आणखी पसरत नाही, मग सावकाश काम करता येतं. हे त्या दिवशी सकाळी माहीत असतं तर!

तक्रार केली. ऑफिसवाले म्हणाले, आम्ही सामानाचे पैसे घेतच नाही, ज्याला दिलेत त्याच्याकडे मागा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जोडला, तेव्हा महिन्याभराने चारशे रुपये परत आले. शालू आणि वहीबद्दल एक अक्षर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पण माझ्याकडे डिकीचा फोटो नव्हता, ओल्या बॅगेचा गाडीच्या नंबरासकट फोटो नव्हता. होतं ते एक खवलं, आणि तेही आईने धुऊन टाकलं होतं.

आता मी पाणी अडवायचं ते बॅगेच्या आतून अडवतो. जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी आधी बॅगेत अंथरतो, कपडे तिच्यात भरतो, हवा दाबून काढतो आणि तोंड तीन-चार वेळा घट्ट गुंडाळून बांधतो. पीठ-मसाला वेगळ्या डब्यात. कागद, फोटो, वह्या, दागिना, औषधं मांडीवरच्या पिशवीत; ती डिकीत जात नाही, कुणी कितीही म्हणालं तरी. गाडी लागली की क्लीनरला झाकण पूर्ण उघडायला लावतो, मोबाइलचा उजेड आत मारतो, माझी बॅग आणि गाडीचा नंबर एका फोटोत घेतो. तळाला ओल दिसली किंवा खोकी दिसली तर बॅग पायाशी घेऊन बसतो. पाय आखडतात, पण चालतं. पावती नाही तर पैसे नाहीत. आणि फिनेलचा वास आला तर तिथेच थांबून विचारा, कशासाठी मारलंय.

वहीतली बावीस पानं वाचता येतात. उरलेल्यांवर निळे डाग आहेत, त्यांत कुठे ‘विठ्ठल’ दिसतो, कुठे नुसती वेलांटी. गेल्या गणपतीत बाबांबरोबर पखवाज वाजवणारे काका घरी आले होते. त्यांना आठवले तेवढे गजर ते म्हणत गेले आणि माझी मुलगी नव्या वहीत उतरवत गेली. अकरा झाले. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून पुढच्या गणपतीची वाट न बघता मेमध्येच पुन्हा जाणार आहे.