वीज टिपायची तर वायर्ड रिमोट घ्यावा की लाइटनिंग ट्रिगर?

एप्रिल-मेमधला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, हे आपल्याकडचे विजांचे खरे हंगाम. ऐन जुलैत आभाळ कितीही गच्च असलं तरी विजा त्या मानाने कमीच. या हंगामांसाठी रिमोट (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायचं वायरीचं बटण) घ्यावा की ट्रिगर (वीज चमकताच आपोआप शटर सोडणारं उपकरण), हे एकाच गोष्टीवर ठरतं: तुम्ही उजेडात फोटो काढणार की अंधार पडल्यावर?

अंधारात रिमोटच. वीज बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. शटर १० सेकंद उघडं ठेवा नाहीतर ३०, तिची रेघ तेवढीच उजळ उमटते. रेघेचा उजळपणा ठरतो अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) आणि आयएसओवर (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता). शटरच्या वेळेने वाढतो तो फक्त ढगांवरचा आणि गावातल्या दिव्यांचा उजेड. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, आयएसओ १००, अपर्चर एफ/५.६ ते एफ/८, शटर १० ते २० सेकंद, ड्राइव्ह कंटिन्युअस. रिमोटचं बटण दाबून पुढे सरकवलं की अडकून राहतं आणि फ्रेममागून फ्रेम निघत राहते. रेघ पांढरीफटक होऊन फुगायला लागली की वीज जवळ आली, एफ/११ करा. शहराच्या उजेडाने आभाळ पिवळं पडत असेल तर शटरची वेळ कमी करा, अपर्चरला हात लावू नका.

हातची वीज सुटते ती दोन कारणांनी. एक म्हणजे लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. ते चालू असेल तर २० सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद काळी फ्रेम घेत बसतो, आणि नेमकी तेव्हाच वीज चमकते. दुसरं फोकस. रिंग अनंताच्या खुणेपलीकडेही फिरते, त्यामुळे ती टोकापर्यंत नेऊन उपयोग नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये लांबचा एखादा दिवा १० पट मोठा करून मॅन्युअल फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. कार्डात जागा ठेवा: १० सेकंदांची फ्रेम म्हणजे तासाला ३६०, रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण १० जीबी.

उजेडात हीच युक्ती फसते. दुपारी चारला १० सेकंदांचं एक्स्पोजर घ्यायचं तर गडद एनडी फिल्टर (लेन्सपुढची उजेड कमी करणारी काच) लागतो, आणि तो आभाळाबरोबर विजेलाही तेवढंच मंद करतो. आभाळाचा उजेड १० सेकंद साठत राहतो, विजेचा क्षणभर. मग रेघ पुसटते, कधी दिसतही नाही. इथे ट्रिगरचे पैसे वसूल होतात. त्याचा सेन्सर चमक ओळखून शटर सोडतो. बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर उघडायला ५० ते १०० मिलिसेकंद जातात, म्हणजे पहिला झोत बहुतेकदा हुकतोच. पण एका विजेत त्याच वाटेने सहसा तीन-चार झोत येतात. मिळतात ते नंतरचे. एकाच झोताची वीज असेल तर हात रिकामा, त्याला इलाज नाही.

म्हणून ट्रिगरवर शटर १/४ ते १/१५ सेकंद ठेवा. १/५०० ठेवून "ट्रिगर चालत नाही" म्हणणारे पुष्कळ. वळवाच्या काळोख्या ढगाला आयएसओ १००, एफ/१६ आणि १/८ साधारण जुळतं, फिल्टर लागत नाही. फोकस मॅन्युअल, ऑटो पॉवर ऑफ बंद, शटर मेकॅनिकल. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये अर्ध्या फ्रेमवर उजळ पट्टा येतो. ढगातल्या ढगात लखलखाट सुरू असेल तर ट्रिगर सारखा उडतो, सेन्सिटिव्हिटी उतरवा.

मोबाइलवर व्हिडिओ काढून फ्रेम उचलता येते, पण फोर-के फ्रेम म्हणजे जेमतेम ८ मेगापिक्सेल. समाजमाध्यमांपुरतं ठीक.

रिमोट असो वा ट्रिगर, उघड्या सड्यावर उभं राहणं बाद. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत. पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये असू द्या.

दोन्ही एकदम घेणं जमत नसेल तर आधी रिमोट. तो ट्रिगरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि ताऱ्यांच्या, धबधब्यांच्या फोटोंनाही लागतो. नोकरी सांभाळून संध्याकाळी सातनंतरच बाहेर पडणाऱ्याला ट्रिगरची गरज क्वचितच भासते. घेतलाच तर सोबतची केबल तुमच्या मॉडेलच्या रिमोट पोर्टला बसते का, हे दुकानातच लावून बघा. एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांचे पोर्ट वेगळे असतात.