संस्थेचा जुना लॅपटॉप: विंडोज १० वरच राहायचं की लिनक्स मिंट टाकायचं?

लहान संघटनांकडे सहसा असतो तसा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. २०१३ ते २०१६ मधला, चौथ्या-पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, बहुतेक वेळा कुणीतरी वापरून झाल्यावर दिलेला. त्यावर माहिती अधिकाराचे अर्ज टाइप होतात, मानवी हक्क आयोगाकडे तक्रारी जातात, सत्यशोधनाचे अहवाल लिहिले जातात, आणि ॲट्रॉसिटीच्या प्रकरणातल्या साक्षीदारांची निवेदनं नि मोबाइलवरून आलेले व्हिडिओही त्यातच साठतात. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हे यंत्र बाद. जुगाड करून ती चढवता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. तेव्हा खरी निवड उरते ती दोनच गोष्टींत: अपडेटची मुदतवाढ घेऊन विंडोज १० चालवणं किंवा लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं.

निवड कुठलीही करा, यंत्र मात्र आधी उघडा. हार्डडिस्क काढून २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवली, २५६ जीबीची पुरते, तर बूट व्हायला लागणाऱ्या वेळात जो फरक पडतो तो कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. रॅम ८ जीबी करा. या पिढीला बहुतेक डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची लागते, साधी डीडीआर३ घेऊन आलात तर बऱ्याच मदरबोर्डांवर यंत्र सुरूच होत नाही. पंखा साफ करताना बॅटरीची पिन आधी सोडवा आणि पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने ते गरगर फिरलं की बेअरिंग जातं. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही.

आणि सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी. ती मेली की यंत्र प्रत्येक वेळी जुनी तारीख घेऊन उठतं. मग ब्राउझर म्हणतो जोडणी सुरक्षित नाही, आयोगाचं पोर्टल उघडत नाही, लॉगिनसाठीच्या ऑथेंटिकेटर ॲपचे सहा आकडी कोड चुकीचे ठरतात, कारण ते दर ३० सेकंदांनी वेळेवरून बदलतात. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, राउटर बदलतात, आणि चूक असते एका बॅटरीची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार जावी लागते. शेवटच्या आठवड्यात हे असलं काही उपटलं तर फार महागात पडतं.

आता विंडोजची बाजू, आणि ती हलकी नाही. कार्यकर्त्यांना ती येते. टॅली त्यावरच चालतं. वकिलांच्या डिजिटल सहीच्या डोंगलचे ड्रायव्हर विंडोजवर सरळ बसतात, लिनक्सवर कधी बसतात, कधी अर्धा दिवस खातात. छपाईचं तर विचारूच नका: अर्ध्या महाराष्ट्रातल्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि संस्थांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर हट्टी आहे. ड्रायव्हर मिळतो, पण तो चालू राहावा म्हणून मागे लागावं लागतं. एचपीचे बहुतेक लेझर त्या मानाने सोपे. लेझरजेट १०२० ला मात्र एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरचं जादा प्लगइन टाकावं लागतं, ते नसेल तर प्रिंटर ओळखला जातो पण कागद हलत नाही. तुमच्याकडे २९०० असेल आणि तो बदलायची ऐपत नसेल, तर हा मुद्दा गंभीरपणे घ्या.

जुन्या फायलींचंही तसंच. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली दहा वर्षांची निवेदनं मिंटवर अगम्य अक्षरांत उघडतील. त्याच फॉन्टच्या फायली होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या जागी टाकल्या की वाचता येतात, तरी पुढच्या कामासाठी एकदा युनिकोडमध्ये आणलेलं बरं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे आहे. ज्यांना उच्चारानुसार टाइप करायची सवय आहे त्यांना विंडोज १० चा मराठी फोनेटिक कीबोर्ड जरा सुखाचा वाटेल, मिंटवर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं बसवून जवळपास तेच मिळतं, पण पहिले दोन दिवस बोटं अडखळतात.

दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ विनापरवाना विंडोज ही या तुलनेत मी धरतच नाही. तिचा ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या यंत्रावर पीडित माणसांची नावं आहेत, त्यावर अनोळखी प्रोग्रामला सर्वाधिकार द्यायचे, यावर आणखी काय बोलायचं.

माझ्या दृष्टीने पारडं ज्याने झुकलं ती गोष्ट वरवर किरकोळ आहे: वनड्राइव्ह, म्हणजे फायली इंटरनेटवर साठवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय. विंडोज १० चे मुदतवाढीचे सुरक्षा अपडेट वैयक्तिक वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, आणि ते घ्यायला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. फुकट हवे असतील तर यंत्राची सेटिंग्ज त्या खात्याशी जुळवून ठेवायची अट. खातं जोडलं की वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा बॅकअप घेऊ का, असं पुन्हा पुन्हा सुचवत राहतं. घाईत कुणीतरी निळं बटण दाबतं. त्या क्षणापासून डेस्कटॉपवर ठेवलेलं प्रत्येक निवेदन, प्रत्येक जखमेचा फोटो परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर चढायला लागतो, तोही बहुधा एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या ईमेलवर उघडलेल्या खात्यात. मोफत जागा ५ जीबी. दोन-तीन व्हिडिओंत ती भरते आणि मग जागा विकत घ्या म्हणून सूचना सुरू.

हे बंद करता येतं. टास्कबारवरच्या ढगाच्या चिन्हातून सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप, आणि तिन्ही फोल्डर बंद. पण बंद केल्यावर अनेकदा डेस्कटॉप रिकामा दिसतो, कारण फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात राहिलेल्या असतात. कार्यकर्ता घाबरतो, पुन्हा चालू करतो. फायली आधी हाताने बाहेर आणायच्या, मग सर्व्हरवरची प्रत पुसायची, मग तिथला रिसायकल बिनही रिकामा करायचा, असा क्रम आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख प्रसिद्ध करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने मनाई आहे. ती ओळख असलेली फाईल कुणाच्या खात्यात जाऊन बसली आहे हे संस्थेला ठाऊकच नसणं मला कुठल्याही सोयीच्या बदल्यात चालत नाही. सावध माणूस विंडोजवरही हे सांभाळू शकतो. पण संस्थेतला लॅपटॉप पाच जण वापरतात, आणि पाचही जण प्रत्येक वेळी सावध असतील असं गृहीत धरून चालत नाही.

मिंटमध्ये असं काही मागे लागत नाही. चालू करायला खातं लागत नाही, फायली जिथे ठेवल्या तिथे राहतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. या यंत्रांवर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ती ४ जीबीतही दमत नाही. मिंटची फाइल उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहा, त्याआधी तिचा हॅश (फाइलमधल्या माहितीवरून निघणारा, ती बदलली की बदलणारा आकडा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. मग लगेच बसवू नका. पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, प्रिंटर, स्कॅनर आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, एवढं तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर सुरुवातीला ते दिसणार नाही. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

डिस्कचं कुलूप हा मिंटचा दुसरा मोठा गुण. बसवताना ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये एलव्हीएम निवडून एन्क्रिप्शनची खूण केली की पूर्ण डिस्क कुलूपबंद होते. विंडोज होममध्ये बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-कुलूप पूर्ण स्वरूपात नसतं. काही यंत्रांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं, पण त्याची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते, म्हणजे पुन्हा तेच खातं. व्हेराक्रिप्ट हा विंडोजवरचा चांगला पर्याय आहे, मोफत आहे, फक्त त्याची रेस्क्यू डिस्क बनवून वेगळी ठेवा, कारण मोठ्या अपडेटनंतर कधीकधी बूटलोडर बिघडतो. एसएसडीवर फाईल ‘श्रेड’ करून, म्हणजे तिच्यावर दुसरं काही लिहून पुसून भागत नाही, चिप आतल्या आत जागा बदलत असते. म्हणून कुलूप पहिल्या दिवसापासून हवं. काढलेली जुनी हार्डडिस्क दुकानात सोडू नका, आणि दुरुस्तीला लॅपटॉप देताना डिस्क काढून ठेवा. कीबोर्ड किंवा चार्जिंगचा जॅक बदलायला तिची गरज नसते.

इथे एल्गार परिषद प्रकरणाची आठवण अपरिहार्य आहे. त्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने काढलेला अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आला. ईमेलमधून आलेली एक फाईल उघडल्यावर नेटवायर नावाचं दूरनियंत्रणाचं मालवेअर आत शिरलं आणि यंत्र २२ महिन्यांहून अधिक काळ बाहेरून हाताळलं जात होतं, असं त्यात म्हटलं आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो निष्कर्ष मान्य केलेला नाही. न्यायालय त्यावर काय म्हणेल ते म्हणो, कागदपत्रासारखी दिसणारी फाईल उघडणं हा शिरकावाचा नेहमीचा रस्ता आहे हे पक्कं. विंडोज फाइलच्या नावाचा शेवट मुळातच लपवते, त्यामुळे पीडीएफचं चित्र लावलेला प्रोग्राम ओळखू येत नाही. व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. मिंटवर विंडोजचा तसा प्रोग्राम सहसा चालतच नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नका: नेटवायरच्या लिनक्सवर चालणाऱ्या आवृत्त्याही होत्या, आणि जीमेलचा पासवर्ड मागणारं बनावट पान कुठल्याही यंत्रावर सारखंच फसवतं.

पुराव्याच्या कामात दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीच्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅशचा आकडा लिहावा लागतो. त्याचे दोन भाग आहेत, अ भाग पुरावा देणाऱ्याने आणि ब भाग तज्ज्ञाने भरायचा. विंडोजवर सेव्हन-झिप बसवलं की उजव्या क्लिकमध्ये एसएचए-२५६ मिळतो. मिंटवर एसएचए२५६सम ही आज्ञा आधीपासून असते, आणि तिने शंभर फायलींची यादी एका दमात बनवून सहा महिन्यांनी तीच यादी पुन्हा ताडता येते. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि हॅश पार वेगळा येतो, म्हणून मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा केबलने उतरवा. कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर बाजूची लॉकची खिट्टी आधी सरकवा, मग कॉपी करा, हॅश लगेच रजिस्टरमध्ये नोंदवा.

विंडोज आणि मिंट दोन्ही एकाच डिस्कवर ठेवण्याचा मोह टाळा. विंडोज यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेत धरते, लिनक्स आंतरराष्ट्रीय वेळेत, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ साडेपाच तासांनी सरकलेली दिसू शकते. फायलींवर चुकीच्या वेळा पडल्या की उलटतपासणीत तेवढंच पुरे होतं. टॅली आणि डोंगलसाठी विंडोजचं वेगळं यंत्र असू द्या, त्यावर निवेदनं ठेवू नका. दुसरं यंत्र शक्यच नसेल आणि रोजचं काम डिजिटल सहीचंच असेल, तर व्हेराक्रिप्ट बसवलेली आणि वनड्राइव्ह काढून टाकलेली विंडोज चालेल. पण त्या मुदतवाढीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

मिंट घेतलंत तर कुलपाबद्दल तीन गोष्टी आधीच ठरवा. पासफ्रेझ, म्हणजे कुलूप उघडणारा लांब पासवर्ड, इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण बूट होताना मराठी कीबोर्ड चालू झालेला नसतो. विसरली तर ती कुणीही परत देऊ शकत नाही, तेव्हा त्याच डिस्कला दुसरी पासफ्रेझ जोडून ती बंद पाकिटात विश्वस्तांकडे किंवा वकिलांकडे द्या. मिंटसोबत येणारं टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन फक्त प्रणालीच्या फायली जपतं, निवेदनं नाही; त्यांची प्रत वेगळ्या, कुलूपबंद बाह्य डिस्कवर दर आठवड्याला घ्या. आणि संध्याकाळी निघताना झाकण नुसतं मिटू नका. झोपलेल्या यंत्राची किल्ली रॅममध्येच असते, डिस्कचं कुलूप लागतं ते यंत्र पूर्ण बंद केल्यावर.