प्रिंटर चांगलाय हो, फक्त आधी ३६ चा ब्लाउज ३३ चा करून दिला

५ पैकी ४ स्टार. घेऊन आठ महिने झाले, इंक टँकवाला आहे, काळी शाई अजून पहिलीच चाललीय. आवाज करतो थोडा. आमच्या अमळनेरला लाईट गेली की वायफाय परत जोडत बसावं लागतं, पण त्याची आता सवय झाली. लिहायचंय ते साइजबद्दल, कारण त्यापायी मी एक स्टार देऊन रिकामी होणार होते.

मी घरी ब्लाउज शिवते. पॅटर्नची पीडीएफ घ्यायची, ए४ वर छापायची, बारा कागद सेलोटेपने जोडायचे, कापायचं आणि कापडावर ठेवायचं, एवढ्यासाठीच प्रिंटर घेतला. श्रावणात कानबाईच्या रोटांची गडबड, चुलत सासूबाईंचा कटोरी ब्लाउज आधी घेतला, छाती ३६. कागद जोडले तेव्हाच मुंढा जरा छोटा वाटला होता, पण म्हटलं छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असणार, मशीन थोडीच चुकेल. अस्तर लावून हुकसुद्धा लावून झाले. काकूंनी घातला तर पुढची दोन टोकं एकमेकांना भेटेनात. "व माय, हाऊ कोना मापना ब्लाउज शे?" काकूंचा आवाज असा की शेजारच्या वहिनी पण बघायला आल्या. आतलं मार्जिन सगळं उसवलं तरी पुरेना, शेवटी काखेत पट्टी जोडून दिली आणि शिलाई घेतली नाही.

मग एकाला घरी बोलावलं, नाव लिहीत नाही. त्याने झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि म्हणाला ताई रोलर घासलाय, कागद सरकतो म्हणून प्रिंट लहान येते, बदलावा लागेल. नुसतं बघायचे ३५० घेतले. नवीन प्रिंटरचा रोलर दोन महिन्यांत घासतो होय?

तो गेल्यावर मी पॅटर्नचं पहिलं पान नीट बघितलं. त्यावर एक चौकोन असतो, आत लिहिलेलं असतं १० सेंमी. मी तो कधी बघितलाच नव्हता, फुकटचा कागद म्हणून टाकून द्यायचे. टेप लावला, आडवा ९.२, उभा पण ९.२. आता रोलर सरकत असता तर कागद ज्या दिशेने जातो तेवढीच लांबी चुकली असती ना, दोन्हीकडून सारखंच कमी येतंय म्हणजे कोणीतरी अख्खं पान लहान करतंय. आणि ३६ चे ९२ टक्के काढले तर ३३ च्या जवळ. काकूंचा ब्लाउज तिथेच सापडला.

लॅपटॉपवर प्रिंटिंग प्रेफरन्सेस उघडलं तर पेपर साइज लेटर! लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिमी, आपला ए४ २१० बाय २९७. ट्रेमध्ये ए४, पीडीएफ ए४, पण प्रिंटरला वाटतंय कागद आखूड आहे म्हणून तो पान दाबून बसवतोय. ए४ केलं. खुश होऊन परत छापलं तर ९.७. अजून ३ मिमी कमी, म्हणजे ३६ वर एक इंच, तेवढ्यात पण हुक लागत नाही. हा दुसरा घोळ प्रिंटच्या खिडकीतला, तिथे 'फिट' वर टिक होती. प्रिंटर कडेला ३-३ मिमी जागा सोडतो आणि 'फिट' म्हणजे त्या जागेच्या आत पान मावेल इतकं लहान करायचं. तिथे 'ॲक्च्युअल साइज' निवडलं, क्रोममधून छापत असाल तर मोर सेटिंग्जमध्ये स्केल कस्टम करून १००. चौकोन बरोब्बर १० आला, मी तीनदा मोजला.

मोबाईलवरून छापताना मला हे ऑप्शन कुठे दिसले नाहीत, त्यामुळे पॅटर्न फक्त लॅपटॉपवरूनच. आणि बॉर्डरलेस ठेवू नका मापाच्या कामाला, ते कडा भरायला चित्र थोडं फुगवतं. पोरीचे पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ चे तसे छापले तर चेहरे मोठे आले आणि परत छापावे लागले.

आता पहिलं एकच पान छापते, टेप लावते, मग बाकीची अकरा. काकूंनी दिवाळीला परत ब्लाउज टाकला, पण घालायच्या आधी टेप स्वतः मागून घेतला.

एक स्टार कापला तो सेटिंगमध्ये लेटर ठेवून पाठवल्याबद्दल. अमळनेरच्या कुठल्याच स्टेशनरीत मला तरी आजपर्यंत लेटर साइजचा कागद दिसलेला नाही.