टिडलीविकीत रिक्वायरमेंट्स ठेवून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, मी टूलवेडा माणूस नाही. एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं, म्हणजे रिक्वायरमेंट्स, त्यांचं डॉक्युमेंट) म्हणजे वर्डची फाइल आणि फाइलचं नाव 'फायनल ३ नवीन खरंच फायनल', असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि पुढेही चाललं असतं. बडोद्यात आमचं सहा जणांचं छोटं ऑफिस, क्लायंट मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग करतो, त्याला जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर जाणाऱ्या मालाचा हिशोब ठेवायचा होता. क्लायंट गुजरातीत बोलणार, आम्ही आपसात मराठीत भांडणार आणि डॉक्युमेंट इंग्रजीत लिहिणार, आता या तीन उड्यांत काय काय सांडतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

टिडलीविकी हे एकमेकांना जोडलेल्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स, जेरेमी रस्टननी २००४ मध्ये काढलेलं. अख्खी विकी म्हणजे एकच एचटीएमएल फाइल, आत छोट्या छोट्या नोंदी, त्यांना टिडलर म्हणतात. आम्ही एक रिक्वायरमेंट एक टिडलर असं ठरवलं, स्क्रीनचा वेगळा, टेस्टचा वेगळा, आणि मीटिंगमध्ये कोणी काही महत्त्वाचं बोललं तर त्याचाही वेगळा. दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की लिंक झाली, बस. 'जॉबवर्क चलान'ची (मालाबरोबर जाणाऱ्या कागदाची) व्याख्या एकाच टिडलरमध्ये आहे आणि बाकी चौदा ठिकाणी तीच आत ओढून दाखवली जाते, त्यामुळे एकदा बदलली की सगळीकडे बदलते. वर्डमध्ये यासाठी मी रविवार घालवलेत.

पण खरी मजा ऑडिओची. मीटिंग फोनवर रेकॉर्ड करायचो (विचारून, हो), एमपीथ्री शेजारच्या फोल्डरमध्ये, विकीच्या आत नाही, आत टाकल्या तर फाइल फुगून ब्राउझर धापा टाकायला लागतो. फाइलच्या पत्त्याच्या शेवटी हॅश, टी, बरोबरचं चिन्ह आणि २५२ (सेकंद) लिहिलं की प्लेयर सरळ चार मिनिटं बारा सेकंदांवरून सुरू होतो. हे एवढंसं कळलं आणि माझी काम करायची पद्धतच बदलली.

तिसऱ्या महिन्यात डेमोला स्क्रीन उघडला तर निम्म्याहून जास्त ओळी लालभडक, सगळ्यांपुढे 'मुदत संपली'. क्लायंटचे शेठ गप्प, आणि ऑफिसात परतल्यावर सगळे डेव्हलपरवर तुटून पडले. तो बिचारा म्हणाला रिक्वायरमेंट आर-३१ मध्ये लिहिलंय तेच केलंय. आर-३१ उघडली: बाहेर गेलेला माल ३६५ दिवसांत परत आला नाही तर इशारा द्यायचा. तिथून मागे क्लिक केलं तर स्टोअरवाल्या काकांची क्लिप, "एक वरसमां माल पाछो आववो जोईए", आणि नऊ सेकंदांनी, मागे कसलंतरी मशीन घरघरतंय त्यात, "डाई तो त्यां ज रहे." म्हणजे डाई (मालाला आकार देणारा साचा) तिकडेच राहते, परत यायचा प्रश्नच नाही. पहिलं वाक्य ऐकलं आणि मी लिहायला लागलो होतो, दुसरं कानावरून गेलं. कायदाही काकांच्याच बाजूने. जीएसटीच्या कलम १४३ मध्ये कच्च्या मालाला एक वर्ष, भांडवली मालाला तीन वर्षं, पण साचे, डाई, जिग, फिक्स्चर, टूल्स यांना ही मुदत लागूच नाही. चूक माझी होती आणि पाच मिनिटांत सापडली. वर्ड असतं तर डेव्हलपर आठवडाभर शिव्या खात बसला असता.

गोटेल आणि फिंकेलस्टाइन यांचा १९९४ चा ट्रेसेबिलिटीवरचा, म्हणजे रिक्वायरमेंटचा माग मागेपुढे काढण्यावरचा, पेपर हेच सांगतो, की जास्त घोळ रिक्वायरमेंट कागदावर यायच्या आधीच्या धाग्यात असतो, म्हणजे ती कुठून आली, कोण बोललं. आम्ही मात्र कायम पुढेच बघतो, कोड झाला का, टेस्ट झाली का. पुढच्या लिंका माझ्याकडेही भरपूर आहेत, पण खरं सांगू, त्यावर महिन्यातून एकदा क्लिक होत असेल.

आता त्रास. नुसती फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर प्रत्येक सेव्हला नवी कॉपी डाउनलोड होते, तीन दिवसांत आमच्याकडे सतरा विक्या झाल्या. मग नोड (नोड.जेएस) वापरून ऑफिसातच विकीचा सर्व्हर चालवला. तिथे दोघांनी एकच टिडलर एकदम उघडला तर शेवटी सेव्ह करणारा जिंकतो, माझी एक अख्खी दुपार अशीच गेली, पण ते आधी वाचायला हवं होतं, वाचलं नव्हतं. टिडलरचं नाव बदललं तर मजकुरातल्या लिंका आपोआप बदलत नाहीत, त्यासाठी रीलिंक नावाचं प्लगइन आहे, ते पहिल्याच दिवशी घाला. मुद्दा, बाजू, युक्तिवाद अशी आयबीआयएसची मांडणीपण करून बघितली, होर्स्ट रिटल आणि वेर्नर कुंत्स यांनी १९७० मध्ये सुचवलेली, तीन आठवड्यांत बंद. डेव्हलपर फक्त स्वतःची बाजू लिहायचे. 'मुद्दा' हा टॅग तेवढा टिकला.

आणि वेळ लागतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगला तुकडे करून जोडायला दीड तास धराच, आणि हे काम एकाच माणसाचं हवं, सगळ्यांचं म्हटलं की कोणाचंच नाही. सुरुवातीला मी दिसेल त्याला लिंक करत सुटलो होतो, सगळं सगळ्याला जोडलं तर काहीच सापडत नाही. आता रिक्वायरमेंटमधून मागे जास्तीत जास्त तीन लिंका, नियमच केलाय. पाच-सात जणांची टीम आणि एक क्लायंट असेल तर डोळे झाकून घ्या, पन्नास जणांच्या टीमला मी सांगणार नाही.

शेठना मात्र सही कागदावरच लागते, म्हणून दर महिन्याला प्रिंट काढतो. कागदावर लिंका मरतात, मग प्रत्येक रिक्वायरमेंटखाली बोलणाऱ्याचं नाव आणि मिनिट छापतो. परवा सही करता करता शेठनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट ठेवून विचारलं, "आ ४:१२ एटले शुं?" मी लॅपटॉप उघडून काकांचा आवाज ऐकवला. त्यांनी तो दोनदा ऐकला, मग पान उलटून पुढच्या आकड्यावर बोट ठेवलं.