‘शांतता कापा’ हे बटण आधी बंद करा

परभणीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. एरवी दिवसाला चार-पाच, लगीनसराईत दहा-दहा. हात दिवसभर गुंतलेले अन् कान मोकळे, म्हणून मागच्या दिवाळीत भाच्यानं मोबाइलवर गोष्टी ऐकायचं एक ॲप टाकून दिलं. वर्षाचे 399 रुपये त्यानंच भरले. ॲपचं नाव मी सांगणार नाही. तक्रारी जास्त आहेत अन् पैसे भाच्याचे आहेत. आता वर्ष संपत आलंय, पुढचे पैसे भरायचे का नाही ते ठरवायचंय, म्हणून हे लिहायला बसले.

बाकीचं पटकन सांगते. डाउनलोड करून ठेवलं की नेट नसलं तरी चालतं. लाइट गेली की मी पायानं मशीन मारते, गोष्ट चालूच राहते. मराठी पुस्तकं बऱ्यापैकी आहेत. वर्णनं चांगली वाचतात, पाऊस-बिऊस, गावाकडचा रस्ता, सगळं ठीक. घोळ होतो तो माणसं बोलायला लागली की.

भाच्यानं ॲप टाकताना ‘शांतता कापा’ नावाचं एक बटण चालू करून दिलं होतं. वाचणारा जिथं थांबतो तेवढी जागा ॲप खाऊन टाकतं. म्हणे, “आत्या, वेळ वाचतो.” मला दोन महिने कळलंच नाही. एका गोष्टीत लेक अचानक माहेरी येते, हातात मोठी पिशवी. बाप ओट्यावर बसलेला.

“एकटीच आलीस?”

“हो, त्यांना सुटी नाही.”

“बरं झालं. हातपाय धू.”

मी ऐकलं तेव्हा ही तिन्ही वाक्यं एस.टी.च्या चौकशी खिडकीवर बोलल्यासारखी एकामागं एक पळाली. मी म्हटलं, काय गोष्ट आहे ही, येणारच ना पोरगी माहेराला. मग एकदा चुकून बटण बंद झालं अन् तीच गोष्ट पुन्हा लागली. ‘सुटी नाही’ नंतर वाचणारी बाई थांबते. चांगली तीन-चार सेकंदं थांबते. तेवढ्यात बापाला सगळं कळलेलं असतं, लेकीला बापाला कळलंय हे कळलेलं असतं, अन् दोघंही सुटीचंच बोलत राहतात. ‘बरं झालं’ ह्याचा अर्थ त्या थांबण्यात होता. माझ्या हातातलं काज-बटण तसंच राहिलं. वेळ वाचवायच्या नादात ॲपनं बापच कापून टाकला होता.

दुकानात हे मी रोज बघते. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आली, ब्लाऊज घालून आरशासमोर उभी राहिली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. तोंडावर हसू नाही की राग नाही. मग म्हणाली, “ताई, लई झाक शिवला बगा. माझ्या सासूला अगदी फिट्ट बसंल.” मी काही न बोलता ब्लाऊज परत घेतला, दोन्ही बाजूंनी टीप उसवली, मुंढा पुन्हा कापला. ती ‘सैल झालाय, बिघडवलास’ म्हणली असती तर मी भांडले असते, मापाची वही काढून दाखवली असती. स्तुतीशी भांडता येत नाही. अन् ती स्तुती करताना हसली असती, डोळा मारला असता, तर मीही हसून सोडून दिलं असतं.

ॲपवरच्या निम्म्या निवेदकांना नेमकं हेच कळत नाही. तिरकं वाक्य आलं की आवाजही तिरका करतात. एका कथेत सासू सुनेच्या ताटात भाकरी वाढते अन् म्हणते, “खा बाई पोटभर, तुझ्या बापाचंच घर आहे.” हे वाक्य साखरेत घोळून आलं पाहिजे. शेजारीण ऐकत असली तर तिला वाटावं, किती लाड करते सासू. टोचायचं ते फक्त सुनेला टोचावं. निवेदकानं काय केलं, तर दात-ओठ खाऊन वाचलं, वर शेवटी ‘हुं’ केलं. ते ‘हुं’ पुस्तकात नाही, मी पैजेवर सांगते. असं बोलणाऱ्या सासूला सून दुसऱ्या दिवशी सोडून गेली असती, पुढची चाळीस पानं लागलीच नसती.

गावाकडच्या बोलीचं तर विचारू नका. सगळी माणसं ‘काय वं’, ‘लय भारी’ करत एकाच सुरात. आमच्याकडं ‘कामून’ म्हणतात, ‘काय करायलीस’ म्हणतात, हे त्यांच्या कानावर कधी पडलंच नसावं. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादचे, विद्यापीठात नाटक शिकवायचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्या माणसानं 52 पात्रं उभी केली, कपडे न बदलता. त्यातलं एकही पात्र ‘मी विनोदी आहे’ असं सांगत येत नाही. जो तो आपापल्या काळजीत गुंतलेला असतो, हसायचं काम आपलं. एवढं उदाहरण घरचंच असताना ही मंडळी का ऐकत नाहीत देव जाणे.

माझे वडील पैठणचे. नाथषष्ठीला भारुडं म्हणायचे, मी मागं झांज धरून. रोडग्याचं भारूड तुम्हाला माहीत असेल. बाई भवानीला नवस बोलते, सासऱ्याला तिकडंच खपव, सासूला लवकर मार, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, अन् एवढ्या सगळ्या कामाचा मोबदला काय, तर एक रोडगा. लोक हसून लोटपोट. वडील मात्र हात जोडून, डोळे मिटून, खरंच नवस बोलल्यासारखं म्हणायचे. एकदा मी हसले तर कार्यक्रम झाल्यावर रागावले. म्हणाले, “ती बाई हसायली का? मग तू कामून हसायलीस?” शेवटी ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला’ आलं की मांडव गप्प व्हायचा. इतका वेळ ज्या बाईला हसलो तीच संसारातून सुटायचं मागत होती, हे तिथं कळायचं. ॲपवर हे भारूड आहे. निवेदिका पहिल्या ओळीपासून खुदुखुदु हसते. शेवटची ओळही हसतच म्हणते. मी ते पुसून टाकलं.

‘सामना’ सिनेमात दारुडा मास्तर विचारतो, ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ डॉ. लागूंचा मास्तर अन् निळू फुल्यांचा हिंदुराव पाटील, लिहिलंय तेंडुलकरांनी, 1974 सालचा पिक्चर. साधी चौकशी आहे, शब्द मोजून चार. आधी दारूतलं बरळणं वाटतं, पुढं त्याच चार शब्दांनी पाटलाला जेवण गोड लागत नाही. वाक्य जागचं हलत नाही, ऐकणारा हलतो. आमच्या ॲपवाल्यांकडं दिलं असतं तर त्यांनी मागं ढोल वाजवला असता. (ढोल खरंच वाजवतात. भुताच्या गोष्टीत भूत यायच्या आधी.)

आता एक कबुली देते, हसू नका. ॲपवर काही पुस्तकं माणूस वाचत नाही, कॉम्प्युटरचा आवाज वाचतो. ‘रु.’ आलं की ‘रु’ म्हणून थांबतो, प्रश्नाला प्रश्नासारखं विचारत नाही. मी वैतागून बंदच करणार होते. पण एका गोष्टीत सरपंच दुष्काळात टँकरच्या रांगेसमोर भाषण देतो, ‘आपल्या गावाला पाण्याची कमी पडू देणार नाही’, अन् ते त्या मशीननं इतकं कोरडं, इतकं सरळ वाचलं की माझ्या हातातली कात्री थांबली. मशीनला ठाऊकच नव्हतं ते काय बोलतंय. सरपंचालाही नव्हतं. तिथं जमून गेलं. त्याच्या पुढच्याच पानावर म्हातारी रांगेतून म्हणते, ‘हौ बाबा, तुझ्याकडं बघूनच तहान भागली’, तिथं मात्र मशीन सपशेल पडलं. म्हातारीला पक्कं ठाऊक होतं ना ती काय बोलायली.

पाचपैकी तीन स्टार. एक त्या ‘सुटी नाही’वाल्या बाईसाठी, तिचं नाव शोधून तिनं वाचलेलं सगळं मी उतरवून घेतलंय. एक लाइट गेल्यावर चालतं म्हणून. एक भाच्याचा. घेणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ते बटण बंद करा, वेग एकवर ठेवा, अन् कुठलंही पुस्तक घ्यायच्या आधी नमुना ऐकताना वर्णनाचा भाग सोडून दोन माणसं बोलतात तिथं बोट ठेवा.

पुढच्या वर्षाचे पैसे मी भरणार आहे. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, “वा आत्या, एवढ्या शिव्या घातल्यावर?” मी म्हटलं, “लई झाक ॲप आहे बाबा. तुझ्या बायकोलाही टाकून दे.”

तो दोन मिनिटं माझ्याकडं बघतच राहिला.