कडुनिंब लावू की वाळा? नागपूरच्या उन्हाचा हिशोब

घर बांधून झालं, रंग झाला, आता समोरची थोडी जागा अन् पश्चिमेच्या भिंतीलगतची पट्टी उरलीय, तिथे काय लावायचं, हे मला या उन्हाळ्यात तिघांनी विचारलं. नागपूरच्या कडेला बेशाला राहणारा मावसभाऊ, ऑफिसातल्या एक मॅडम अन् आमच्या गल्लीतले काकाजी. तिघांचंही एवढं पक्कं होतं की देशीच लावायचं, अन् फिरून फिरून गाडी दोनच नावांवर येत होती, कडुनिंब नाहीतर वाळा. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. माझ्याकडे दोन्ही आहेत अन् दोन्ही आधी चुकीच्या जागी लावून झालेत, म्हणून थोडं हक्काने बोलून राहिलो.

वाळा आधी घेतो, कारण निंब सगळ्यांना माहीत आहे पण वाळा बहुतेकांनी जिवंत पाहिलेलाच नसतो. आपल्याकडे वाळा म्हणजे कूलरच्या ताट्या नाहीतर माठात टाकायची पुडी, म्हणजे मुळं. वरचं झाड कसं दिसतं विचारलं तर सांगता येत नाही. तर ते चार-पाच फूट उंचीचं गवताचं बेट असतं, लांब अरुंद पाती वर जाऊन बाहेर वाकतात, पावसाळा सरता सरता जांभळट-तपकिरी तुरे येतात अन् वाऱ्यावर हललं की खरंच छान दिसतं. पात्यांना वास नसतो हो, वास फक्त मुळाला, माझ्या बायकोने पहिल्या दिवशी पानं चुरगळून पाहिली अन् दुकानदाराने फसवलं म्हणाली. नर्सरीत शोभेचं गवत मागितलं की पाम्पास नाहीतर फाउंटन ग्रास पुढे करतात, ते घेऊ नका, पहिलं दक्षिण अमेरिकेचं अन् दुसरं आफ्रिकेकडचं, अन् फाउंटन ग्रास तर हवाईसारख्या ठिकाणी रानात घुसून डोकेदुखी झालेलं आहे. वाळा आपल्या नदी-नाल्यांच्या काठचा, एका जागी बेट करून राहतो, हरळीसारखा धावत सुटत नाही.

आता मुद्द्याचं. निंब सावली देतो अन् वाळा देत नाही एवढं कोणीही सांगेल, पण सावली नेमकी कुठे पडते अन् किती वाजता पडते ते कोणी पाहत नाही. २६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर असतो, म्हणजे नवतपा (मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागल्या लागल्या, खांबाची सावली खांबाच्याच बुडाशी. अशा वेळी पाच फुटी गवताची ओळ असली काय अन् नसली काय. तेव्हा वरून छत्री धरणारं काहीतरी लागतं अन् ते काम निंबच करू शकतो. निंबाचं टायमिंग तर काय सांगू, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून घेतो, पाडव्याला कोवळी पालवी आलेली असते, अन् पारा ४५ च्या वर जातो तेव्हा झाड गच्च भरलेलं. गुलमोहर दिसायला कितीही भारी असला तरी ऐन एप्रिलात बहुतेक वेळा उघडा असतो, गाडी त्याच्याखाली लावून काय उपयोग.

पण घर तापतं ते फक्त बारा वाजता नाही ना. पश्चिमेची भिंत तीन ते सहा शेकून निघते अन् रात्री अकरापर्यंत ती उष्णता आत सोडत राहते, ज्यांची बेडरूम त्या बाजूला आहे त्यांना विचारा. भिंतीपासून तीन फुटांवर पाच फूट वाळा असेल तर मे महिन्यात साडेतीनच्या सुमारास भिंतीवर जेमतेम दोन फूट सावली चढते, पाचला साडेतीन फुटांच्या वर जाते, म्हणजे खिडकीच्या खालची भिंत वाचते, वरची नाही. स्लॅब तर नाहीच नाही. पण फरशीवर आपटून खिडकीत शिरणारा जो चटका असतो तो बराच कमी होतो, हे मी स्वतः अनुभवलंय. भिंतीचं वरचं अंगही झाकायचं असेल तर झाडच लागेल.

मग निंबच लावू ना सरळ? लावा, पण टेप घेऊन. आपल्या लेआउटमधले प्लॉट बहुतेक ३० बाय ५० फुटांचे, बाजूला सोडलेली जागा तीन-चार फूट, अन् निंब मोठा झाला की पन्नास फूट उंच अन् तीस-चाळीस फूट पसरलेला. मी २००९ मध्ये कंपाउंडपासून चार फुटांवर लावला होता. सहा-सात वर्षं काही झालं नाही, उलट सगळे कौतुक करायचे, मग कंपाउंडला तडा गेला, मग सांडपाण्याचं चेंबर तुंबलं अन् प्लंबरने आतून केसांच्या गुंत्यासारखी मुळं ओढून काढली, वरून फांद्या वायरींपर्यंत गेल्या अन् आता दर उन्हाळ्याच्या तोंडावर एका बाजूने छाटून झाड वाकडं झालंय. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळते, त्यात मोठं झाड प्लिंथजवळचा, म्हणजे घराच्या जोत्याजवळचा, ओलावा ओढून घेतं, म्हणजे माती अजून आकसते. घरापासून पंधरा फूट, त्याच्या आत मी तरी लावायला सांगणार नाही. अन् नंतर तोडू म्हणाल तर ते आपल्या हातात नाही, १९७५ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही मनपाच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वाळा नको झाला तर रविवारी सकाळी कुदळ घेऊन निघतो.

वाळ्याची मुळं खाली जातात, सरळ खाली, चांगल्या मातीत दहा फुटांपर्यंत अन् त्याहूनही जास्त, आडवी फारशी पसरत नाहीत. भिंत फोडायचं सोडा, उलट माती धरून ठेवतात. नव्वदच्या दशकाच्या आधीपासून जागतिक बँकेने धूप थांबवायला जगभर याच गवताचा प्रचार केला, अन् त्याच्या आधी कर्नाटकातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर लावत होतेच. मावसभावाच्या प्लॉटमागे नाला आहे, पावसाळ्यात दरवर्षी फूटभर माती जाते, त्याला मी डोळे झाकून वाळा सांगितला. उतारावर लावायचा तर ठोंब, म्हणजे बेटातून मुळासकट फोडलेले फुटवे, वीत-वीतभरावर, एका रेषेत, मध्ये फट न सोडता. शोभेसाठी असेल तर दीड-दोन फुटांवर, नाहीतर बेटाचा आकार दिसत नाही.

पाण्याचं म्हणाल तर निंबाला पहिले दोन उन्हाळे सांभाळायचं, नंतर तो तुम्हाला विचारत नाही. वाळा मरत नाही पण पाणी तोडलं की मे महिन्यात पिवळा पडून वाळल्या गवतासारखा दिसतो, हिरवा हवा असेल तर आठवड्यातून एकदा भरपूर द्यावं लागतं. मी कूलरची टाकी खाली करतो ते क्षाराचं पाणी त्यालाच सोडतो, गुलाबाने दोन महिन्यात जीव टाकला असता, वाळ्याला फरक पडत नाही.

साफसफाई दोन्हीकडे आहे, सोंग नको. निंबाचा पाला होळीच्या आगेमागे रोज दोन टोपल्या, मग बारीक फुलं, मग निंबोळ्या, त्या खायला पक्षी अन् खाली उभ्या गाडीवर त्यांचा प्रसाद. वाळा वर्षातून दोनदा फूट-सव्वा फुटावर कापायचा, पाती कडेला खरखरीत असतात, फुल बाह्यांचा शर्ट घाला. मॅडमला सापाची भीती होती. बुडाशी वाळका पाला साचू दिला तर उंदीर येतात अन् त्यांच्यामागे बाकीचे, कापून झाडून ठेवलं तर काही नाही.

अन् घरच्या वाळ्याचा कूलर होईल या स्वप्नात राहू नका. मुळं काढायची म्हणजे बेट मुळासकट उपटायचं, दीड वर्षाने, काळ्या मातीत कंबर मोडते, अन् पाच-सहा बेटांतून माठापुरतं निघतं, ताटी होत नाही. त्याऐवजी एक-दोन ठोंब जुन्या ड्रममध्ये नाहीतर पोत्यात रेती-माती भरून लावा, काढताना पोतं फाडायचं, मुळं अख्खी मिळतात. मॅडम भाड्याने राहतात, त्यांना मी हेच सांगितलं, घर बदललं तर ड्रम टेम्पोत.

दोन्ही लावू एकमेकांखाली, असं काकाजी म्हणाले. मीही तेच केलं होतं, निंबाखाली बारा ठोंब, सुंदर दिसेल म्हणून. पहिल्या पावसाळ्यात फुटले, दुसऱ्या वर्षी लांबट पिचके झाले, तिसऱ्या वर्षी दोन उरले. वाळ्याला दिवसभराचं कडक ऊन लागतं, सावलीत तो टिकत नाही. काकाजींचा प्लॉट जुना, कोपऱ्याचा, समोर वीस-बावीस फूट मोकळं अन् वर वायर नाही, अशी जागा नागपुरात आता किती जणांकडे आहे, त्यांनी तर निंबच लावला पाहिजे. सात-आठ वर्षं लागतील बसण्यासारखी सावली व्हायला, ते हसून म्हणाले मी तोवर ऐंशीचा, मी म्हटलं मग खुर्ची आताच घेऊन ठेवा. मावसभावाला आतमध्ये निंब नाही, नाही, नाही. फारच मन असेल तर लेआउटच्या मोकळ्या जागेत चार शेजारी मिळून लावा.

निंबाचं रोप विकत घ्यायचीही गरज नाही, जूनमध्ये पिकून पडलेली ताजी निंबोळी गर काढून दोन-चार दिवसात पिशवीत टोचा, बी जुनं झालं की उगवत नाही. वाळ्याचे ठोंब मात्र चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावरच, पाती वीतभर ठेवून कापून. अन् निंबाचा खड्डा आताच करून ठेवा, दोन बाय दोन बाय दोन फूट, मे महिन्याचं ऊन खाऊ द्या त्याला, जूनमध्ये काळी माती ओली झाली की फावड्याला चिकटून उचलत नाही.